सहाशे घोड्यांचा परण्या

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारा पहिला माणूस मी, आणि त्याची शिक्षा अजून संपलेली नाही.

गीझर बंद पडला, बालाजीला विचारा. आत्याचा गुडघा धरला, बालाजीला विचारा. (मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आहे. गुडघ्याला पालवी फुटली तर मी काही सांगू शकेन.) आप्पांनी माझी डिग्री फ्रेम करून घरात नाही, हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या किराणा दुकानात लावलीय, बरोबर काट्याच्या वर. तूरडाळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी माझी डिग्री बघावी लागते, मग वजन.

त्यामुळं अक्काच्या लग्नाच्या बैठकीत नवरदेवाच्या गाडीचा विषय निघाला, तेव्हा सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरदेव आधी मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. याला परण्या म्हणतात, आणि परण्याची गाडी मुलीकडच्यांची. नवरदेव अमेय, म्हणजे आमचे होणारे दाजी, मूळचे पुण्याचे, इथं आयटीत. स्वभावानं गरीब. ती कसर त्यांच्या मामांनी भरून काढली होती.

"गाडी कोण ठरवणार?" मामांनी विचारलं.

"आमचा बालाजी. ग्रॅज्युएट हाय," आप्पा म्हणाले.

"अरे वा! कशात?"

"बॉटनी," मी छाती काढून म्हणालो.

"छान, छान. म्हणजे गाडीवरची फुलं तरी ताजी असतील."

सगळे हसले. दाजीसुद्धा हसले. (नोंद केली.) मग दाजींच्या आई गोड आवाजात म्हणाल्या, "गाडी कुठलीही चालेल हो, फक्त मुहूर्त पाळा. ते हैदराबादी टाइम वगैरे आमच्याकडे चालत नाही."

पाहुणे गेल्यावर अक्कानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "बालाजी, बैलगाडी आण, मला चालंल. पण वेळेवर आण. एकदा जरी उशीर झाला ना, त्या मला म्हातारी होईपर्यंत 'हैदराबादी टाइम' ऐकवतील. समजलं?"

समजलं. पण माझ्या डोक्यात बैलगाडी नव्हती, मामांची ती फुलं होती.

मी अभ्यासाला लागलो. डिग्रीसाठी केला नव्हता एवढा अभ्यास केला. महागड्या, वेगवान गाड्यांची इंजिनं तीन जातींची. पहिलं नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे स्वतःच्या दमावर हवा ओढणारं. कुणाची मदत नाही, पाय दाबला की लगेच हुकूम मानतं, पण खरा जोर आवाज चढल्यावर. थोडक्यात, आप्पा. दुसरं टर्बो. त्याच्याच तोंडातून निघालेली गरम वाफ पंखा फिरवते, तो पंखा आणखी हवा आत कोंबतो आणि गाडी पेटते. पण मधे जरा दम खाते. ही आमची आत्या. तिला काही बोललं की आधी दोन क्षण शांतता, मग स्वतःच्याच बोलण्यावर ती अशी तापत जाते की थांबवणारा पस्तावतो. तिसरं सुपरचार्जर. त्याचा पंखा इंजिनालाच पट्ट्यानं बांधलेला. ताकद तात्काळ, पण त्यातली बरीचशी पंखा फिरवण्यातच खर्च होते. हे आत्याचे मालक. पट्टा कुणाच्या हातात आहे, हे सांगायची गरज नाही.

एवढी तयारी झाल्यावर मी मामांना फोन लावला.

"टर्बोच घ्या," ते म्हणाले. "माझी टर्बो आहे."

"मामा, टर्बोत लॅग असतो. परण्यात नवरदेवाला ताटकळत ठेवायचं का?"

"मग सुपरचार्ज्ड घ्या."

"तो स्वतःचीच ताकद खातो. आम्ही नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड आणतोय. दहा सिलिंडर, सहाशे घोडे! पाय ठेवला की गाडी पुढं!"

मी फोन ठेवला आणि मिरवत बाहेर आलो. एका परण्याला सहाशे घोडे! आमच्या आजोबांचा परण्या एका घोड्यावर निघाला होता, आणि तोही मागून आणलेला.

लग्नाच्या दिवशी बरकतपुऱ्यातल्या मारुतीसमोर भाड्याची गाडी येऊन थांबली. केशरी, चपटी, चमचमती. गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली. मामांचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं, पदवीचं सार्थक झालं.

मग दाजींची बहीण केतकी करवलीचा दिवा-कलश घेऊन पुढं आली आणि तिनं विचारलं, "मी कुठे बसू?"

मी आत डोकावलो. एक सीट ड्रायव्हरची. एक नवरदेवाची. संपलं.

"मागं...?" ती म्हणाली.

"मागं इंजिन आहे."

"मग मी इंजिनावर बसू?"

हॉर्सपॉवर पाहिली, टॉर्क पाहिला, सिलिंडर मोजले. सीटा मोजायच्या राहिल्या! मामा नुसते गाडीवरच्या फुलांकडं बघून म्हणाले, "ताजी आहेत."

करवली खिडकीशेजारून चालणार असं ठरलं. दाजींना आत घालताना छत फेट्याला लागलं, म्हणून त्यांना अर्धवट झोपवावं लागलं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त तुरा दिसायचा. पुढं मरफावाल्यांचे ढोल सुरू झाले, आमची सगळी चुलत भावंडं नाचायला लागली आणि सहाशे घोडे मुंगीच्या पावलांनी निघाले.

मे महिन्याची दुपार. पाच पावलं चाल, थांब, नाच. परत पाच पावलं. चौक ओलांडायच्या आत स्टीअरिंगमागच्या पडद्यावर लाल दिवा लागला आणि ड्रायव्हर खलीलभाईनं इंजिन बंद केलं.

"क्या हुआ भाई?"

"गरम हो गई. ठंडी होने कू टाइम लगता."

"कितना?"

"अब उसकू पूछना पडता!"

तेवढ्यात अक्काचा फोन. "कुठं हाव?"

"आलोच. जवळच."

"आलोच म्हंजे? गुरुजी अक्षता वाटायलेत! सासूबाई घड्याळ बघून माझ्याकडं बघून हसायल्यात!"

मी गाडीचं दार उघडलं. "दाजी, उतरा. पळत जाऊ."

"थांब!" आत्या आडवी आली. "परण्या निघाला की नवरदेवाचा पाय मांडवापर्यंत भुईला लागत नसतो!"

हा नियम आमच्या घराण्यात कुणीच कधी ऐकला नव्हता.

"आत्या, असं काही नसतं."

दोन क्षण शांतता. (मला कळायला हवं होतं.) मग टर्बो पेटला. "डिग्री काय शिकवती रे तुला? तुझ्या अक्काच्या संसाराला काही झालं, तर त्या कागदानं भरून देणार हायेस का?"

दाजी आतून क्षीण आवाजात म्हणाले, "मला तसंही उठता येत नाहीये."

मग काय! ढोलवाल्यांना हात जोडून गप्प केलं, खलीलभाईला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला लावली, आणि मी, नाचून दमलेली भावंडं आणि आत्याचे मालक (पट्टा ओढला गेला होता) मागून लागलो ढकलायला. आणि सांगायला लाज वाटते, गाडी इंजिनापेक्षा आमच्या जोरावर भलतीच वेगात धावली! केतकीचा दिवा विझला, ती कलश धरून शेजारून पळत होती. मामा सुटाबुटात मागून ओरडत होते, "डावीकडे! डावीकडे घ्या!"

फंक्शन हॉलच्या दाराशी मात्र स्पीडब्रेकर होता. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटांवर. आप्पा धावत मांडवातून पाट घेऊन आले, ते उतारासारखे लावले, आणि अशा रीतीनं नवरदेव पाटावर बसायच्या आधी त्यांची गाडी पाटावर चढली. खलीलभाईनं डोळे मिटले. आम्ही शेवटचा जोर लावला. धाडकन आत!

दाजींच्या आईंनी घड्याळ पाहिलं. मग अक्काकडं पाहिलं. अंतरपाटामागून अक्काची मान ताठ झाली.

"वेळेत आहेत," त्या म्हणाल्या. जरा नाराजीनंच.

मी गाडीला टेकून धापा टाकत होतो. तोंडातून नुसती शिट्टी वाजत होती. मामा शेजारी येऊन उभे राहिले, वाकून माझा श्वास ऐकला आणि म्हणाले, "बालाजीराव, मान गये. खरंच नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड आहे!"

थोड्या वेळानं कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्यांच्याकडून भेट वसूल करायची. बैठकीतलं हसणं माझ्या लक्षात होतं. मी दाजींचा कान पकडला. पण ढकलून ढकलून बोटं अशी थरथरत होती की कान हातात, आणि पिळच पडेना.

"थांबा, थांबा," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लॅग आहे."

अक्काच सगळ्यात मोठ्यानं हसली. मग दाजींच्या आईंनी माझ्यापुढं ताट धरलं. त्यात टॉवेल-टोपी होती. टोपी मी आप्पांच्या हातात दिली, आणि टॉवेल तिथंच, भर मांडवात, इंजिन पुसायला घेतला. सहाशे घोड्यांचं नव्हे. जे घामाघूम होऊन मांडवापर्यंत चाललं होतं, ते.