मॅडम घर बघायला येणार होत्या

कोरोनात आधी बाबा गेले, मग आई. मी सातवीत होते. मामाने मला भांडुपला आणलं. टेकडीवर एका खोलीचं घर, त्यात मामा, मामी, त्यांची मुलगी म्हणजे माझी ताई, आणि आता मी. माझी शाळेची फी एक ट्रस्ट भरणार होता, पण त्याआधी त्यांच्या मॅडम घर बघायला येणार होत्या. आम्ही खरंच गरजू आहोत का, ते बघायला. त्यांनी नाही म्हटलं तर शाळा बंद, हे मामाने मला सरळ सांगितलं होतं.

आता अशा वेळी शहाणा माणूस घर आहे तसं ठेवेल ना? आमच्या मामीने शेजारणीकडून नवी चादर आणली, काचेचे कप आणले, भिंतीवरच्या ओलीवर कॅलेंडर टांगलं. मला ताईचा वाढदिवसाचा ड्रेस घातला.

"अगं, मुलगी बघायला येतायत का त्या?" मामा म्हणाला.

"तुम्ही गप बसा ओ. बहिणीच्या पोरीला कसं ठेवलंय, असं कुणी म्हणायला नको."

खोटं कशाला बोलू, मला त्या ड्रेसमध्ये झकास वाटत होतं.

मॅडमनी पोहे खाल्ले, वर श्रीखंड खाल्लं. कौतुकाने म्हणाल्या, "किती छान सांभाळताय हिला! मग आमची मदत ज्यांना कुणीच नाही, त्यांना देऊ या ना?"

लागली वाट! मामा मामीकडे बघायला लागला. मामी वाटी धरून उभीच. आम्हाला जड जातंय, एवढंच बोलायचं होतं तिला. पण मी समोर बसलेली.

मग मीच बोलले. "मॅडम, मी ह्यांना जड होते. माझ्यामुळे ताईचा क्लास बंद केला. ही चादर शेजारची आहे. कपपण. ड्रेसपण माझा नाही." धडाधड बोलत सुटले. मामीने सकाळपासून जे झाकलं होतं, ते सगळं मी तिच्याच पाहुणीसमोर उघडं केलं. मामीची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

फी मंजूर झाली.

मॅडम गेल्यावर मामी कप विसळत होती. म्हणाली, "क्लासचं तुला कुणी सांगितलं गं?"

एका खोलीत कुणी सांगावं लागतं का? मी म्हटलं, "मामी, शाळेसाठी बोलले गं. मनातलं नव्हतं."

"बरं केलंस," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मनातलंच होतं ते.

मॅडम दरवर्षी येतात. आता मी बारावीत आहे. ताईचा क्लास काही परत लागला नाही. यंदा त्या दारात चपला काढत होत्या, तेवढ्यात मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तूच बोल हां. तुला चांगलं जमतं."