वास गेला तो दिवस

"टँकचा वास पार ऑफिसात येऊन राहिला, सर. आज दुपारी पुण्याची पार्टी येणार आहे. काहीतरी करा," मालक म्हणाले.

लाखनीजवळच्या एका निकेल प्लेटिंगच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. सांडपाण्यातलं निकेल काढणं हे माझं काम. त्यासाठी आमच्याकडे एक बंद टँक आहे. त्यात हवेशिवाय जगणारे बॅक्टेरिया असतात. त्यांना गूळपाणी घालायचं. ते एक वायू सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्या वायूमुळे पाण्यातलं निकेल काळा गाळ होऊन खाली बसतं. म्हणजे वास येतो तोवर काम चालू आहे.

"हवा सोडली तर वास जाईल, पण बॅक्टेरिया मरतील," मी म्हणालो.

"मग नवीन आणू ना. पार्टी गेली तर कोठून आणू?"

शेजारच्या टँकचा हवा सोडणारा ब्लोअर मी स्वतः या टँकला जोडला. दुपारपर्यंत वास गेला. पार्टी आली, चहा पिऊन खूश होऊन गेली.

त्याच संध्याकाळी मी बाहेर पडणाऱ्या पाण्यात तपासणीचं औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं. म्हणजे निकेल सरळ नाल्यात चाललं होतं. नाल्याकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. पण तो बंद केला की प्लेटिंगही बंद. ऑर्डर निघेपर्यंत दोन दिवस थांबा, असं मालक म्हणाले. मी थांबलो.

दुसऱ्या दिवशी गेटवर मोरेश्वरभाऊ आले. नाल्याखाली त्यांची बोडी आहे, म्हणजे शेतातलं लहान तळं. आमच्या वासाला भिऊन त्यांनी नाल्यातून बोडीत जाणारा पाट मातीने बुजवून ठेवला होता.

"वास तं गेला जी. मशीन सुधरली वाटते. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले, पानी कमी पडून राहिलं. पाट खोलू का आता?"

मालक बाजूलाच उभे होते. मी काहीच बोललो नाही. मोरेश्वरभाऊंनी त्याचा अर्थ 'हो' घेतला. "बरं हाय," म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बोडीवर गेलो. पाट वाहत होता. बोडीतलं पाणी बाटलीत घेऊन तपासलं. फिकट, पण गुलाबीच. मोरेश्वरभाऊ तिथेच होते, त्यांना सगळं सांगितलं. वास होता तेव्हा पाणी चांगलं होतं, वास गेला तेव्हा बिघडलं, हेही.

त्यांनी आधी फावड्याने पाट बुजवला. मग विचारलं, "काल काहून नाही सांगतलं?"

"मालक उभे होते, भाऊ."

"मालक तं आजही तोच हाय जी."

कारखान्यात परतून मी व्हॉल्व्ह बंद केला. मालक दिवसभर ओरडले. प्लेटिंग तीन आठवडे बंद राहिलं. बोडीचं पाणी उपसून आमच्या टँकरने कारखान्यात आणलं, तोवर पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, वाळून गेली. त्या हंगामात मोरेश्वरभाऊंचं अर्धं शेत पडीक राहिलं.

बॅक्टेरिया परत आणता येतात. शेणकाला, गूळ, झाकण घट्ट, आणि थोडा धीर. आता टँकला पुन्हा वास येतो. मोरेश्वरभाऊ पाण्याचं मला विचारत नाहीत. बाटली भरून परस्पर भंडाऱ्याच्या लॅबमध्ये देतात. तेच बरोबर आहे.