जगतापबाईंचा क्वार्टरबॅक

जगतापबाई मॅच उभ्यानं बघायच्या. घरात चांगला तीन माणसांचा सोफा होता. त्यावर त्यांचे यजमान विलासकाका आणि आम्ही पाहुणे बसायचो. बाई मात्र टीव्हीपासून हातभर अंतरावर, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून, कमरेवर हात ठेवून उभ्या. मॅच अमेरिकन फुटबॉलची. हेल्मेट घालून, खांद्यांवर जाडजूड पॅड चढवून, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं तो फुटबॉल. रविवारी संध्याकाळी सात वाजता तिकडची दुपारची मॅच इकडे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये सुरू व्हायची, आणि बाईंचा रागही त्याच वेळेला सुरू व्हायचा. मॅच दहाला संपायची. राग साधारण बुधवारपर्यंत टिकायचा.

"अरे ए शहाण्या! पुढं भिंत नाही आणि पोराला उभं केलंयस व्हय?" हे प्रशिक्षकाला. "दोनदा चेंडू चुकला म्हणून बाहेर बसवतोस? तुझी नोकरी कितीदा चुकली ते सांगू का मी?" हेही त्यालाच. त्या बाई असूनही "मी सांगतो", "मी आलो" असंच बोलायच्या. कोल्हापूरकडच्या बायका तसंच बोलतात, हे आमच्यासारख्या पुण्याकडच्या लोकांना जर्मनीत जाऊन कळलं.

मी २०१३ च्या सुमारास तिथे नोकरीला लागलो. पंपांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी होती. बाई तिथल्या चाचणी विभागाच्या प्रमुख. भाग यंत्रावर चढवायचा, दिवसचे दिवस हलवायचा, दाबायचा, आणि तो कुठे तडकतो ते बघायचं, हे आमचं काम. माझा पहिला दिवस सोमवार होता. मी शर्टाची इस्त्री सांभाळत त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "काल बघितलंस का? काय गाढव माणूस आहे तो! त्याच्या हाती कुणी माणसं दिली?"

मला वाटलं, कंपनीच्या मॅनेजरबद्दल बोलताहेत. मी घाबरून दरवाजाकडे बघितलं. कोपऱ्यातून युर्गन हसला. युर्गन म्हणजे आमचा यंत्रं लावणारा मेकॅनिक, पंचावन्नच्या पुढचा, उजवा गुडघा कामातून गेलेला. बाईंचा सोमवार तो कित्येक वर्षं ऐकत आला होता. त्याला त्या खेळातलं काही कळत नव्हतं, आणि बाईंना त्याची पर्वा नव्हती.

हा खेळ त्यांना लागला तोही भांडणातून. त्या गावाजवळ अमेरिकन सैन्याचा मोठा तळ आहे, त्यामुळे गावात अमेरिकन कुटुंबं पुष्कळ. बाईंच्या खालच्या मजल्यावर असंच एक राहायचं. एका रविवारी खालून इतका आरडाओरडा झाला की बाई जाब विचारायला खाली उतरल्या. दार उघडलं, समोर टीव्हीवर एक माणूस चार जणांच्या खाली चिरडला गेला होता. तो उठला, तोंडातली माती थुंकली आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. "मी विचारलं, हा कोण? तर म्हणाले, क्वार्टरबॅक. सगळा डाव ह्याच्या हातातनं सुरू होतो. मी म्हटलं, मग ह्याला वाचवायला कुणी नाही का?" बाई तिथेच बसल्या. तासाभरानं विलासकाका त्यांना शोधत खाली गेले, तेव्हा बाई त्या घरच्या अमेरिकनांपेक्षा मोठ्यानं ओरडत होत्या.

तो माणूस पुढे त्यांचा झाला. त्याचं आणि टीमचं नाव मी इथे घेत नाही, कारण पुढे बाईंनीच ते घेणं सोडलं. थंड हवेच्या गावातली टीम होती, जिंकायची कमी. बाईंचा सगळा राग टीम चालवणाऱ्यांवर. त्यांची मतं पक्की होती. क्वार्टरबॅकसमोर उभी राहून मार खाणारी जी आडदांड माणसं असतात, त्यांच्यावर पैसे खर्च करायचे नाहीत आणि कॉलेजातून वाजतगाजत नवा पोरगा आणायचा, ह्याचा त्यांना संताप यायचा. "लोड कुणावर येतोय ते बघत नाहीत. तडा गेला की म्हणणार, मटेरियल खराब होतं." आणि ऑगस्ट संपताना टीममधली निम्मी पोरं घरी पाठवतात, तो आठवडा तर विचारूच नका. एकदा एका जुन्या खेळाडूला आपल्याला काढल्याचं टीव्हीवरच्या बातमीतून कळलं. ते ऐकून बाईंनी चाचणीचं यंत्र बंद केलं आणि सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा जर्मनमध्ये म्हणाल्या, "काढा ना! काढायचा हक्क आहे तुम्हाला. पण समोर बसून सांगायला जीभ झडते का?"

आम्हाला ती करमणूक वाटायची.

मग कंपनी विकली गेली. नवे मालक आले आणि त्यांच्याबरोबर ब्रेनर नावाचा नवा व्यवस्थापक. गुळगुळीत, हळू आवाजात बोलणारा माणूस. चाचणी विभागातला एक माणूस कमी करायचा, असं त्यानं बाईंना बोलावून सांगितलं. त्याच्या मनात युर्गन होता. वय झालेलं, गुडघ्यापायी वरचेवर रजा. पण कायद्यानं जुन्या माणसाला सहज काढता येत नाही. म्हणून युर्गननं स्वतःहून सोडतो असं लिहून द्यावं, आणि ते बाईंनी त्याच्या गळी उतरवावं, अशी त्याची योजना. "तुमचं तो ऐकतो," असं म्हणाला म्हणे.

त्या खोलीतून बाईंचा आवाज खाली कारखान्यापर्यंत आला. शब्द कळले नाहीत. युर्गननं हातातला पाना खाली ठेवला, एवढं मला आठवतं.

शुक्रवारी दुपारी बाईंनी मला बाहेर आवारात बोलावलं. थंडी होती. त्यांनी कोटसुद्धा घातला नव्हता.

"निखिल, तुझी नोकरी जाणार. मी तुझं नाव दिलंय."

मला आधी कळलंच नाही. "तुम्ही?"

"मी. दुसऱ्या कुणाकडनं कळू नये म्हणून आधी तुला सांगायला आलो."

"अहो बाई, माझं ब्लू कार्ड, इथं राहायचा परवाना, या नोकरीवर आहे! ती गेली की दुसरी शोधायला किती थोडे महिने मिळतात, माहितीये ना तुम्हाला? युर्गनला काय, त्याचा देश आहे हा. त्याला सरकार पोसेल!"

"त्याला पोसायला नको आहे, काम पाहिजे आहे. तुला उद्या कुणीही घेईल. त्याला कोण घेणार?"

"आणि नाही घेतलं मला तर?"

"तर मला शिव्या घाल. आत्ता घातल्यास तरी चालेल."

मी घातल्या. नीट ऐकवल्या. आपल्या माणसाला बळी देऊन तुम्ही जर्मनांपुढे मोठ्या होताय, इथपर्यंत बोललो. बाई त्या थंडीत उभ्या राहिल्या, एका शब्दानं मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "हॅनोव्हरला माझ्या ओळखीचे एक जण आहेत. मी बोललो त्यांच्याशी. सोमवारी मुलाखत आहे. मी गाडीनं सोडतो तुला."

"माझा मी जाईन."

"तिकीट काढू नकोस. मी सोडतो."

त्या रविवारी मी त्यांच्याकडे मॅचला गेलो नाही. मॅचेसचा मोसमही संपला होता म्हणा, पण एरवी मी जेवायला तरी जात असे. सोमवारी पहाटे खाली हॉर्न वाजला. मी चडफडत गाडीत बसलो. दीडेक तास मी फोनमध्ये डोकं घालून बसलो. मग माझ्या फोनवर बातमी आली आणि माझ्या मनातल्या दुष्टपणानं ती लगेच मोठ्यानं वाचली. बाईंच्या क्वार्टरबॅकला टीमनं मोकळं केलं होतं. इतकी वर्षं मार खाल्ल्यानंतर. तो म्हणे सुट्टीवर होता, मुलांना घेऊन कुठल्या तळ्यावर गेला होता, आणि त्याला एका पत्रकाराचा फोन आला तेव्हा कळलं.

बाईंनी पुढच्या थांब्यावर गाडी वळवली. ट्रकांच्या रांगेशेजारी उभी केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. मला वाटलं, आता त्या प्रशिक्षकाचा उद्धार होणार. पण त्या भलतंच बोलू लागल्या.

"आमचा दिलीप गोलकीपर होता. माझा धाकटा भाऊ. आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमला नऊ वर्षं खेळला. फायनलच्या दिवशी आई त्याला ओवाळायला बसली होती. हा मैदानावर गेला, तर ह्याची जर्सी दुसऱ्याच्या अंगात. कुणी बोलेना. सगळे बुटांच्या नाड्या बांधतायत. ज्यांच्या ताटात जेवला ती पोरं खाली बघून नाड्या बांधतायत! हा परत आला, बूट माळ्यावर टाकले, आणि पुन्हा मैदानाकडं गेला नाही. चांगला होता की वाईट, ते सोड. नवा पोरगा चांगला असेल. असेल! पण एकानं तरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं होतं की नाही?"

"म्हणून मला बाजूला घेऊन सांगितलंत होय?" माझा राग अजून खाली बसला नव्हता.

"व्हय. आणि अजून दहादा सांगेन. चूक केली असेल मी तुझं नाव देऊन. पण लपवून नाही केली."

"त्यानं माझं भाडं भरलं जाणार नाही, बाई."

"नाही जाणार," त्या म्हणाल्या आणि गाडी सुरू केली. पुढचा सगळा रस्ता आम्ही भांडत गेलो. युर्गनवरून, ब्रेनरवरून, पुण्यावरून, कोल्हापूरवरून. कासेलच्या आसपास मी त्यांना म्हणालो की तुमच्या क्वार्टरबॅकचे खांदे तसेही संपले होते. त्यावर त्या इतक्या जोरात ओरडल्या की बाहेर पडायचं वळण चुकलं. हॅनोव्हरला मी मुलाखतीच्या खोलीत शिरलो तो तावातावातच. समोरच्यांनी विचारलं, चाचणीत भाग का मोडला हे ग्राहकाला सांगायची वेळ आली तर काय कराल. मी म्हटलं, समोर बसवून सांगेन. ती नोकरी मला लागली.

आमचं पुन्हा जुळलं, पण सावकाश. मी दिवाळीला फोन केला, त्यांनी पहिल्याच वाक्यात नव्या क्वार्टरबॅकला आणणाऱ्यांना शिव्या दिल्या. मला बरं वाटलं.

दोन वर्षांनी बाई भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेल्या. परतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोस्टाची पेटी उघडायच्याही आधी, कामावर गेल्या. फाटकाशी त्यांचं कार्ड चालेना. पहारेकऱ्यानं आत फोन लावला, ऐकलं, आणि खाली बघत म्हणाला, "फ्राऊ जगताप, तुम्हाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय." विभागच बंद केला होता. नोटीस घरी पेटीत येऊन पडली होती. ब्रेनर त्या आठवड्यात रजेवर होता.

हे मला विलासकाकांनी फोनवर सांगितलं. मी तिकडून ओरडू लागलो, वकील करा म्हणालो. काका म्हणाले, "ते सगळं करू रे. पण निखिल, ती ओरडत नाहीये. तीन आठवडे झाले. हळू बोलते. मला सवय नाही रे त्याची."

मी शनिवारी गाडी पकडून गेलो. बाईंनी दार उघडलं, "ये," म्हणाल्या, पिठलं-भात वाढला. नोकरी कशी आहे विचारलं. मी ब्रेनरचा विषय काढला तर म्हणाल्या, "जाऊ दे. कंपनी त्यांची आहे." हे जगतापबाई म्हणाल्या! मला त्या घरात बसवेना. रविवारी सात वाजून गेले तरी टीव्ही बंद होता. मॅच आहे, असं काकांनी दोनदा सुचवून पाहिलं. बाई शेंगा सोलत राहिल्या.

तेवढ्यात युर्गन आला. विभाग गेल्यावर तोही सुटला होता, मात्र निवृत्तीला थोडंच उरलेलं असल्यानं त्याचं निभावत होतं. तीन जिने त्या गुडघ्यानं चढून आला होता. धापा टाकत खुर्चीत बसला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवत म्हणाला, "मी परवा एक मॅच बघितली. तुमच्या टीमची. नवा मुलगा चांगला आहे. त्या म्हाताऱ्याला त्यांनी आधीच काढायला हवं होतं."

त्यानं ती मॅच खरंच बघितली होती का, मला आजही माहीत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

बाईंचा हात शेंगेवर थांबला. "काय म्हणालास?"

"म्हातारा संपला होता, फ्राऊ जगताप."

"संपला होता?" बाई जर्मनमध्ये म्हणाल्या. आणि मग सुरू झाल्या. आधी क्वार्टरबॅकच्या मोडलेल्या बरगड्या, मग त्याच्यासमोर न उभारलेली भिंत, मग तो प्रशिक्षक, मग मालक. आवाज चढत गेला तशी जर्मन सुटली आणि कोल्हापूर आलं. "सुट्टीवर गेलेल्या माणसाला काढतात व्हय! तोंड दाखवायची हिंमत नाही, आणि टायची गाठ तेवढी नीट! एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी तुमचं लोखंड मोडून दाखवलं, कुठं तुटतंय ते सांगितलं, आणि मला फाटकावरच्या माणसाकडनं निरोप? ब्रेनर, मुडद्या, लपून काय बसलास! ये की समोर!"

टेबलावरच्या शेंगा उडाल्या. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला ठोकलं. बाईंनी उलट पाय आपटला. विलासकाका उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून डोळ्यांवर पाणी मारत उभे राहिले.

युर्गनला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तो दुखरा पाय लांब करून बसला होता, आणि बाई श्वास घ्यायला थांबल्या की गंभीरपणे मान डोलवत म्हणत होता, "बरोबर आहे, फ्राऊ जगताप. अगदी बरोबर. पुढे?"