सोंग उतरवायचं कोणी

बाबांचा उजवा हात ट्रॉलरवरच्या दोरात सापडला तेव्हा मी सातवीत होतो. हात वाचला, पण बोटं मिटेनात. बोटीवर न मिटणाऱ्या बोटांचं काम नसतं. तेव्हापासून बाबा मिरकरवाड्यात जेटीच्या कडेला बसून डाव्या हातानं जमतील तेवढी जाळी नीट करत आणि आई कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाऊ लागली. दिवसभर बर्फात हात. संध्याकाळी तिला चहाचा कपसुद्धा दोन्ही तळव्यांत धरावा लागे. घरात भात असायचा. कालवण कधी असायचं, कधी नसायचं. हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही. तसं होतं, म्हणून लिहितो.

आठवीला कुठे घालायचं हा प्रश्न होता. खरं तर प्रश्न नव्हताच. वाडीतली माझ्या वयाची दोन पोरं बोटीवर चढली होती, मीही चढणार होतो. तेवढ्यात शेडमधल्या कोणीतरी आईला सांगितलं की गावातल्या फादरांच्या शाळेत गाण्यानाटकात घेतात त्या मुलांची फी माफ असते. शाळा फक्त मुलग्यांची.

आई म्हणाली, "गळाला लावलेली कोळंबी मासळीला पण फुकटच वाटते."

बाबा म्हणाले, "गाण्याचं काय नाय गो. पण त्यांच्या पोटात काय हाय, ते कळायला पायजे."

तरी आई मला घेऊन गेली. म्युझिकच्या सरांनी गायला सांगितलं. मला येत होतं ते शिमग्यातलं, आमच्या वाडीच्या नमनातलं, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या सोंगांच्या खेळातलं. मृदंगावर मात करायची म्हणून पूर्ण घसा फोडून गायचं, तसंच गायलो. सर पेटीवरून हात काढून बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज आहे. सुरात आहे. गाढवा, पण ओरडतोस कशाला?" फी माफ झाली. अट एकच, गाण्यानाटकाच्या गटात राहायचं. गटातून काढलं की फी सुरू. म्हणजे माझ्यापुरतं, गटातून काढलं की बोट सुरू.

पहिलं वर्षभर आई रोज झडती घ्यायची. आज काय खायला दिलं? पाणी कोणी दिलं? तुला तुझ्याच नावानं हाक मारतात ना? शर्ट वाळत घालायच्या आधी हुंगायची, मेणबत्तीचा वास येतो का म्हणून. मीही काही कमी नव्हतो. सर मला सारखं म्हणायचे, आवाज खाली घे, दुसऱ्यांचा ऐक, त्यांच्यात मिसळ. मला वाटे, मी हिंदू म्हणून माझा आवाज दाबतात. चार आवाज एकमेकांत विरघळले की कसं वाटतं ते कानाला कळायला मला वर्ष लागलं. तोवर मी सरांकडे चोराकडे बघावं तसं बघत होतो.

नववीत नाताळच्या नाटकात सरांनी मला मरियेचं काम दिलं. शाळा मुलग्यांची, माझा आवाज अजून फुटलेला नव्हता, अंगानं किडकिडीत. वर्गात "काय गो मरिये, डोक्यावर पदर घे" सुरू झालं. सगळ्यात जास्त चिडवायचा तो वसतिगृहातला दाभोळचा पोरगा. गेल्या साली मरिया तोच होता. यंदा त्याला मिशा फुटल्या म्हणून मेंढपाळ केलं होतं. मला त्या चिडवण्याचं काही नव्हतं. आमच्या नमनात गवळणी बाप्येच होतात. माझा काका दरवर्षी गवळण होई आणि बोट घेऊन दाभोळपर्यंत जाई.

आईचं मात्र वेगळंच. झगा धुवून आणायला म्हणून मी घरी आणला होता. निळा, पायघोळ, वर पांढरी ओढणी. तिनं तो दांडीवर घातला आणि लांब उभी राहून बघत राहिली.

"ही त्यांची देवी ना?"

"देवी नाय गो. देवाची आई."

"मंग मोठीच की." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि नाटक झाल्यावर उतरवतं कोण?"

"झगा? मीच उतरवणार."

"झगा नाय रं. सोंग."

आमच्याकडे देवाचं सोंग घेणाऱ्याचे नियम असतात. त्या दिवशी मासळी खायची नाही, रंग लागला की त्याला नावानं हाक मारायची नाही. खेळ संपला की गाऱ्हाणं घालायचं, नारळ द्यायचा आणि देवाला आपल्या जागी जा म्हणून सांगायचं. मगच तो माणूस पुन्हा माणसात येतो. आईला मी बाटण्याची भीती होतीच, पण ती लोकांची भीती होती. तिची स्वतःची भीती ही होती, की बोलावलेली देवी परत पाठवायचं या लोकांना ठाऊकच नसेल.

मी हसलो आणि झगा घेऊन शाळेत गेलो.

रंगीत तालमीला चौथ्या प्रवेशात मी गुडघे टेकले, दाभोळच्याचा पाय झग्यावर पडला आणि खालची शिवण उसवली. आतून लाल कापडाची पुरचुंडी पडली. सरांनी उचलून सोडली. राख, तांदळाचे दाणे, एक सुकी मिरची.

पोरं दोन पावलं मागं सरली. सर ख्रिस्ती, वेंगुर्ल्याकडचे, पँटशर्टातले, पियानो वाजवणारे. पण त्यांनी ती पुरचुंडी अशी टाकली जशी काय ती चावली असती.

"कोणी केलं हे?"

सगळ्यांनी दाभोळच्याकडे बघितलं. मीही बघितलं. गेल्या सालचं काम गेलेलं, रोजचं चिडवणं, आणि नेमका पाय त्याचाच पडला. माझी तर खात्रीच झाली.

"मी कशाला करणी करू?" तो म्हणाला. "मला करायची असती तर मिशा येऊ नयेत म्हणून केली असती."

सर हसले नाहीत. त्यांनी झगा काठीनं बाजूला सरकवला आणि फादरांना सांगायला गेले. फादर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, आले. त्यांनी निकाल दिला: कोणी घातलं ते कळेपर्यंत मरिया बदलायची, आणि ज्याचं त्यात नाव निघेल तो गटाबाहेर.

घरी येऊन मी तावातावानं सांगितलं. माझ्या झग्यात करणी घातली, आता काम गेलं, नाव निघालं नाही तर माझ्यावरच येईल. बाबा दाभोळच्या खानदानाचा उद्धार करू लागले. आई चुलीत लाकडं सारत होती.

मग तिनं विचारलं, "कुठल्या अंगाला होती?"

"काय?"

"पुरचुंडी. डाव्या की उजव्या?"

"उजव्या. तुला काय करायचंय?"

"डावीकडे असती तर करणी," ती म्हणाली. "उजवीकडची माझी. ग्रामदेवीचा अंगारा हाय तो."

बाबांनी कपाळावर हात मारला. "अगो, फी गेली पोराची."

दुसऱ्या दिवशी शेडचा खाडा करून ती माझ्यासोबत शाळेत आली. ऑफिसात फादर बसलेले, सर उभे. खुर्ची दिली तरी बसली नाही. "ते मी घातलंय, पोराला राखायला," म्हणाली. "कोणा पोरावर आळ नको."

फादरांनी विचारलं, "कशापासून राखायला, बाई?"

"तुमच्यापासून." मग सावरून म्हणाली, "म्हणजे तुमची देवी चांगलीच असणार. पण पोर लहान हाय. ती त्याच्यातच रायली तर मी कोणाकडे जायचं? तुमच्यात उतरवायला कोण असतं?"

सर म्हणाले, "अहो, ते नाटक आहे."

"आमच्यात पण खेळच असतो. तरी नारळ देतात."

फादर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. पुसायला काही नव्हतं त्यावर. मला वाटलं, आता माझं नाव काढणार. त्यांचाही संशय मला चेहऱ्यावर दिसत होता: ही बाई भोळी आहे, की कोणी पाठवली आहे? नाताळच्या कार्यक्रमात नारळ फुटला तर त्यांच्या लोकांना त्यांनी काय सांगायचं?

शेवटी म्हणाले, "नाटक झाल्यावर, स्टेजच्या मागं. नारळ ठेवायचा. फोडायचा नाही."

"आज नारळ," सर पुटपुटले, "उद्या कोंबडा."

"कोंबडा मी मागितला नाय अजून," आई म्हणाली.

काम परत मिळालं. नाटकाच्या दिवशी ती पहिल्या रांगेत बसली. पाळणा, तारा, राजे, काही बघितलं नाही तिनं. ती फक्त माझे डोळे बघत होती, कुठे फिरतायत का म्हणून. गाण्यात मी आवाज खाली घेतला, बाकीच्यांत मिसळला, आणि सभागृह एकदम शांत झालं. ती मात्र आणखीनच पुढे सरकून बसली. शांत झालेल्या माणसांवर तिचा विश्वास नव्हता.

पडदा पडल्यावर ती मागं आली. दोन बाकांच्या मधे नारळ ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे, तुझं काम झालं. पोराकडून काय चुकलं असंल तर पदरात घे. आता आपल्या जागेवर जा, नि याला याच्या जागेवर ठेव."

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला. दाभोळचा पोरगा, मेंढपाळाच्या घोंगडीत. गाऱ्हाण्याला होकार द्यायच्या सवयीनं तोंडातून गेलं असावं. फादर दारात उभे होते. नारळ उचलेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

घरी तिनं तळलेला बांगडा पुढ्यात ठेवला आणि मी माणसासारखा काटे काढून खातो का ते बघत बसली. खाल्ला. पुढचा महिनाभर मात्र तिची नजर माझ्यावर होतीच.

दहावीपर्यंत मी गटात राहिलो. मरियेनंतर आवाज फुटला, मग पुढच्या नाताळात राजाही झालो आणि निवेदकही. बाटवायला कोणी आलं नाही. आई म्हणे, अजून त्यांची वेळ आली नसेल. कॉलेजात गेलो तेव्हा सकाळी लेक्चर, दुपारी बर्फाच्या कारखान्यात हिशेब, रविवारी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणं असं करून शिकलो. एका वर्षी अकाउंट्समध्ये नापास झालो, पुन्हा बसलो, सुटलो.

मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला.