पिवळ्या स्टुलावरचा गणपती

मागच्या वर्षी आमच्या घरातली गणपतीची मूर्ती पडून भंगली, ती माझ्यामुळे. घरात सगळे समजत होते की ती आईच्या हातून पडली. मी त्यांना तसं समजू दिलं.

हे सांगायचं तर त्या स्टुलापासून सुरुवात करायला हवी. एका डिझायनरच्या वस्तूंचं मला वेड आहे. माणूस आजचाच, माझ्याहून तरुण. त्याची किटली लालभडक आणि ढेरपोटी, कचऱ्याचा डबा भोपळ्यासारखा, खुर्ची एकाच पत्र्याला घडी घालून बनवल्यासारखी. मी कोपरखैरण्याच्या एका खोलीत वाढलो. बाबा बाजारात माथाडी होते. घरात लोखंडी कॉट, घडीची खुर्ची, स्टीलचे डबे. सगळं कामापुरतं, भिंतीला चिकटून उभं. पाहुणे आले की वस्तूंच्या आधी आम्हीच संकोचायचो. या माणसाच्या वस्तू कुणाला वाट देत नाहीत. खोलीच्या मधोमध उभ्या राहतात आणि ‘बघा’ म्हणतात. ऐरोलीत फ्लॅट घेतल्यावर मी त्या एकेक करून आणल्या. माझ्याबद्दल जे मला कधी बोलता आलं नाही, ते त्या बोलतील असं वाटायचं.

स्टूल त्यातलंच. ढोपराएवढं, हळदीसारखं पिवळं, तीन पायांचं. दोन पाय सरळ, तिसरा मागे तिरका. फळी पुढे पायांच्या बाहेर आलेली आणि मागे वर वळलेली. ते वळण म्हणजे त्या स्टुलाचा जीव. दुकानातल्या मुलीने बजावलं होतं, वजन मागच्या बाजूला ठेवा, पुढच्या कडेवर नको.

गणपती दर वर्षी गावाहून आणलेल्या चौरंगावर बसायचा. गेल्या वर्षी मी चौरंग माळ्यावरून काढलाच नाही. आईने स्टुलाला हात लावून बघितला.

“ह्यो बगळा देवाला पेलंल व्हय रं?”

“आई, माणूस बसतो त्याच्यावर.”

“माणूस पडला तर उठतोय.”

सगळे हसले. मीही हसलो, पण ऐकलं नाही. मूर्ती मागे सरकवून नीट बसवली, गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली. त्यानंतर उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

त्या डिझायनरने इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लोकांना आवाहन केलं होतं: माझ्या वस्तू तुमच्या घरात कशा राहतात, फोटो पाठवा. मी बाजूने फोटो घेतला, तर मूर्तीमागे ते वळण झाकलं जात होतं. आई स्वयंपाकघरात मोदक वळत होती, बायको खाली पाहुण्यांना आणायला गेली होती. मी मूर्तीला दोन्ही हात लावले आणि ती चार बोटं पुढे घेतली. फोटो सुंदर आला, तो तिथल्या तिथे पाठवून दिला. मूर्ती पुन्हा मागे घ्यायची होती, पण तेवढ्यात बेल वाजली आणि ते राहून गेलं.

आरतीनंतर आई दुर्वा वाहायला वाकली. तिचे गुडघे दुखतात. उठताना तिने स्टुलाच्या कडेला हात टेकला. स्टूल पुढे कललं आणि मूर्ती फरशीवर आली. सोंड तुटली, एक हात तुटला.

मग कोपरखैरण्याची आत्या म्हणाली, “वैनी, हात सांभाळायचा की गं! देव पाडलास!”

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. मी खाली वाकून शाडूचे तुकडे गोळा करू लागलो. गुरुजींनी फोनवर सांगितलं, उत्तरपूजा करा आणि लगेच विसर्जन करा. तलावावरून परतताना गाडीत फोन वाजला. त्या डिझायनरने माझा फोटो आपल्या पानावर लावला होता. पिवळ्या स्टुलावर गणपती, मागे ते वळण. खाली जगभरच्या लोकांचं कौतुक. मागच्या सीटवर आई रडत होती आणि मी ते कौतुक वाचत होतो. एका क्षणी मला आनंदही झाला. आज मला सगळ्यात जास्त किळस त्या क्षणाची येते.

दोन दिवसांनी गौरी आल्या. आईने सुनेला सांगितलं, “तू मांड. माझा हात नगं.” मग देवघर सोडलं. दिवा लावायची वेळ झाली की पदराखाली हात घेऊन बाजूला बसायची. आत्याला चेष्टेला विषयच मिळाला. कुणी आईच्या हातात कपबशी दिली की म्हणायची, “वैनीला नगा देऊ, तिनं देवालाबी सोडलं न्हाई.” लोक हसायचे. आईसुद्धा ओठ ताणायची. मी समोर त्याच डिझायनरच्या पत्र्याच्या खुर्चीत बसलेलो असायचो. स्टुलाचा काही दोष नव्हता. बनवणाऱ्याने त्याचा तोल नीट साधला होता, तो मी बिघडवला.

या वर्षी धाकट्या भावाच्या बायकोला दिवस गेले. तिचं माहेर घणसोली गावात. तिथे डोहाळजेवण होतं, मी आईला आणि आत्याला घेऊन गेलो होतो. खोली बायकांनी भरलेली. तिची आई ओटीचं तबक घेऊन माझ्या आईला शोधत आली.

“विहीनबाय, या ना. पोरीची पयली ओटी तुमीच भरायची हाय.”

आई स्वयंपाकघरात शिरली होती. “दुसरं कुनीबी भरा. माझा हात नगं तिच्या पोटापाशी.”

विहीणबाई गोंधळून बाहेर गेल्या. मी आत गेलो. आई ओट्याला टेकून उभी होती, दोन्ही हात पदराखाली. मी तिला सगळं सांगितलं. फोटोचंही.

तिने माझ्याकडे बघितलं.

“तवापासनं तुला ठावं व्हतं?”

“हो.”

“आन आत्या बोलायची तवा तू हितंच बसलेला असायचास.”

“हो. आई, माफ कर मला.”

“हितं कशाला सांगतोस? या ओट्यापाशी मला कुनी काय म्हनलं न्हाई.”

एवढंच बोलून तिने दाराकडे बघितलं.

मी बाहेर आलो. धाकटी सून पाटावर बसली होती, तांदळाचं तबक तसंच. आत्या काहीतरी सांगून बायकांना हसवत होती. मी ‘जरा ऐका’ म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने पुन्हा म्हणालो. आई माझ्यामागे दारात येऊन उभी राहिली.

“मागच्या वर्षी गणपती आईच्या हातून पडला नाही. बसवलेली मूर्ती मी पुढे सरकवली होती, फोटोसाठी. म्हणून पडली. मला ते तेव्हाच माहीत होतं. तुम्ही आईला बोलत राहिलात आणि मी ऐकत राहिलो. आई, माझं चुकलं. मला माफ कर.”