पडद्याशी बोललेले काका

कोबेत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या जपानात नसेल, आणि हे मी घरोघरी भूकंपाची पिशवी दाराशी भरून ठेवणाऱ्या देशाबद्दल लिहितोय. इथले रेल्वे कर्मचारी चूक होऊ नये म्हणून सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्यानं उच्चारतात. नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या काकांनी ती पद्धत घरी आणली. बाहेर पडताना "गॅस, बंद. गीझर, बंद," असं बोट दाखवत चालतं. एकदा जिन्यात माझ्याकडे बोट दाखवून "मफलर, नाही," म्हणाले आणि मला परत वर पाठवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आईनं फोनवरून मला त्यांच्या हवाली केलंय असं ते मानतात, आणि खरं तर मीही.

या वर्षी त्यांनी तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्या बघायला कॅम्पिंग कार भाड्यानं घेतली. काका शाकाहारी आणि बाहेरच्या सुपातही मासा असतो, म्हणून कुकरसुद्धा बरोबर. काकूंना सुट्टी नव्हती, मला नेलं. पण प्रवास होता तो लेकीसाठी. तिला शिकायला दूर त्सुकुबाला जायचं होतं आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत काय ते सांगायचं होतं. "प्रवासात सांगतो, हो की नाही ते," असं काकांनी कबूल केलं होतं.

लेकीला मराठी कळतं, पण ती उत्तर जपानीत देते. टेकड्यांमधल्या खोलगट दरीत वारा असा होता, की काका बोलायला तोंड उघडत आणि आत वाळू जाई.

"बाबा, आता तरी सांगा," ती म्हणाली.

"आधी टोपी नीट घाल."

परतताना हमरस्त्यावरच्या एका थांब्यावर उतरलो. तिथे स्वच्छतागृह आणि शेतमालाचं दुकान होतं. निघताना काकांनी गाडीभोवती फेरी मारली. "टायर, ठीक. शेगडी, बंद. मागचं दार, बंद." झोपायच्या जागेचा पडदा ओढलेला होता. लेक रुसून आडवी झाली असणार, असं आम्ही दोघांनीही धरलं.

तिचं तोंड दिसत नाही म्हणून की काय, काकांना धीर आला. रस्त्यावरची नजर न हलवता ते पडद्याशी बोलू लागले. "हे बघ बाळा, तू हुशार आहेस. पण एकटी कधी राहिलीयस? अडकलीस कुठे, तर काय करशील? नको जाऊस. इथेच शिक."

पडदा गप्प.

"रडतेय का बघ रे जरा."

मी संकोचत पडदा सरकवला. आत एक उशी होती आणि चार्जिंगला लावलेला तिचा फोन.

"काका, ती नाहीये."

काकांनी तरीही आधी इंडिकेटर दिला, पुढच्या चौकात नियमानं गाडी वळवली. "अंधार पडत नाहीये ना रे?" असं सारखं विचारत होते. लख्ख ऊन होतं. मी दर वेळी नाही म्हणत होतो आणि तरी वर आकाशाकडे बघत होतो.

दुकानात ती गल्ल्यावरच्या आजीबाईंशेजारी स्टुलावर बसून नाशपाती सोलत होती. दुकानातून तिनं वडिलांना फोन लावला होता, पण गाडी चालवताना काका फोन बंद ठेवतात, हेही तिला ठाऊक होतं.

"घाबरली नाहीस?" काकांनी दारातूनच विचारलं.

"कशाला? तुम्ही येणारच होतात. वेगमर्यादा पाळत, म्हणून उशीर." मग सोलणं थांबवून तिनं विचारलं, "काय ठरवलंत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाशपातीकडे.

"त्सुकुबाला थंडी फार," काका म्हणाले. "जाड रजई लागेल."

तिनं एक फोड कापून त्यांच्या हातावर ठेवली. धुतलीय का, हे न विचारता काकांनी ती खाल्ली.

परतीला ती पुढे बसली, मी मागे पडद्याआड. काका कोबेपर्यंत रजयांबद्दलच बोलत होते. मला विमानतळावर सोडायला आलेले माझे वडील असेच माझ्या बुटांबद्दल बोलत राहिले होते. त्यांना दुसरं काही सुचत नाहीये, असं मला तेव्हा वाटलं होतं.