खाकरून येणारे आजोबा

मंगरूळपीरजवळच्या वृद्धाश्रमात मी दर रविवारी मावशीला भेटायला जाते. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींचे यजमान त्याच वेळी येतात. धुवट धोतर, हातात पेरूंची पिशवी. दाराबाहेर थांबून आधी मोठ्यानं खाकरतात. आजींनी डोक्यावर पदर घेतला की मगच आत येतात आणि त्यांच्याकडे पाठ करून बसतात. मला त्या पाठीचा रागच यायचा. एकदा विचारलंच, बायकोसमोर हे कशासाठी?

"ती आता मले ओयखत नाई, बाई. तिले वाटते, मी तिचा भासरा आहो. मंग भासऱ्यासारखंच राहा लागते."

खरे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, कधीच वारले. त्या घरात सून भासऱ्याशी थेट बोलत नसे. म्हणून गेल्या रविवारी आजी मला म्हणाल्या, "त्यायले सांग पोरी, तुमच्या भावाले टायमावर जेवाले देत जा म्हणा. ते मांगून खात नाईत."

पाच हातांवर बसलेले आजोबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "सांग तिले, जेवते तो."

मग पिशवी माझ्याकडे सरकवली.

"आन हे पेरू त्यानंच धाडले म्हणा."